पावणेदोन मीटर

जुनं सॉफ्टवेअर शुक्रवारी बंद होणार, असा मेल आला
तेव्हा मी शिवडीचा एक नाला सरळ करत होते.
म्हणजे पडद्यावर.
खरा नाला कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

सतरा वर्षं. एक हिरवं डोंगल,
पाठीमागे खोचल्याशिवाय नकाशाच उघडायचा नाही.
मशीन हलवताना आमचा शिपाई ते वरच्या खिशात ठेवायचा
आणि वरून रुमाल,
कुणाची तरी अंगठी सांभाळावी तसं.

नव्याला काहीच खोचावं लागत नाही.
नवं आपल्याला आपोआप ओळखतं, असं शलाका हुमणे म्हणते.
ती सव्वीस वर्षांची आहे,
माझगावच्या या तिसऱ्या मजल्यावर आम्हा सहा जणांना शिकवायला आलीय
आणि चांगलं शिकवते. हे आधीच लिहून ठेवते,
नाहीतर पुढचं वाचून वाटायचं, माझा तिच्यावर राग आहे.

जुन्यात रकान्याच्या नावाला दहाच अक्षरं मिळायची, तीही इंग्रजी.
दहात बसवली आम्ही ही मुंबई.
‘पाणी साचण्याची खोली’ झाली पी-एस-के-एच-एक.
दोन कुठे गेला, ते मला माहीत आहे
आणि डाबरे साहेबांना होतं.

मराठी नावं पलीकडे नेली तर पोचेपर्यंत प्रश्नचिन्हं झाली.
एका अख्ख्या गल्लीत
नुसती प्रश्नचिन्हं राहायला आली.
शलाकाने कुठलीशी यादी उघडली, खालून तिसरं निवडलं,
आणि सगळे आपापल्या नावाने परत दारात उभे.
टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.
वाजवल्या नाहीत. बोटं अजून
जुन्या जागचं बटण शोधत होती.

गुरुवारी नव्याने आमचं काम तपासलं.
चारशे बारा चुका. सगळ्या लाल.
हद्दीवर हद्द चढलेली, कुठे हद्दीला हद्द न भिडलेली,
केसाएवढ्या फटी, माझ्याच हाताच्या, घाईच्या.
प्रत्येकीखाली एकच प्रश्न: शेजारच्यात मिसळू?
ज्याची कड जास्त लांब, तो शेजारी.
मिसळ, म्हटलं. मिसळ. मिसळ.
जेवणाच्या सुट्टीआधी चारशे अकरा संपल्या.

उरलेली एक
पावणेदोन मीटर रुंद, एकतीस मीटर लांब,
एका बाजूला बंदराची जमीन, दुसरीकडे पालिकेची.
मी नोकरीला नवी होते. मे महिना.
डाबरे साहेब डोक्याला वसईचा पंचा गुंडाळून उभे,
दोन्ही कचेऱ्यांचे कागद हातात,
आणि दोन्हींत लिहिलेलं, ही आमची नाही.
‘मग आपण कोण गं कुणाला देणारे?’
साहेबांनी फट तशीच ठेवली.

त्या फटीत एक पत्रा, पत्र्याखाली
तराजू दुरुस्त करणारे युनूस पन्हळेकर.
आमचा चेनमन त्या दिवशी आला नव्हता.
फितीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं,
उकिडवे बसून, शून्य बरोबर खुंटीवर,
आणि साहेबांना म्हणाले, ‘ताणा अजून. झोळ आहे.’
झोळ होता.

‘मॅडम, हे एकच लाल का राहिलंय?’
मी म्हटलं, ही चूक नाही.
‘मग अपवाद म्हणून नोंदवा,’ शलाका म्हणाली,
आणि एक चौकोन उघडून दिला.
वर लिहिलेलं: कारण.
किती अक्षरं?
ती हसली. ‘कितीही.’

सवयीने आधी वाय-पी-एन-एच-एल लिहिलं.
खोडलं.
मग काना-मात्रेसकट पूर्ण नाव, पूर्ण धंदा,
‘ताणा अजून’सुद्धा.

तिने माझ्या खांद्यावरून वाचलं.
‘हे मालक का?’
नाही, म्हटलं.
मोजताना होते.